आधी शून्य, मग एक

भिमाजी पगारे यांच्या हातात पुस्तक दिलं की ते नाव वाचत नाहीत. लेखक कोण हेही बघत नाहीत. अंगठ्यानं पानांची कड फर्रकन सोडतात आणि सांगतात, "मॅडम, एकशे बारानंतर एकशे सतरा आलंय. दोन पानं गेली."

मग ती दोन पानं शोधायची जबाबदारी माझी. मी नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला एका छोट्या वाचनालयात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. पानं बहुतेक वेळा शेवटच्या वाचकाच्या घरी गादीखाली सापडतात. नाही सापडली तर भिमाजीकाका माझ्याकडे असं बघतात की जणू मीच ती फाडून भेळ खाल्ली.

नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की ती सरकारी सिक्युरिटी प्रेस; कोणती हे कुणी विचारत नाही. भिमाजीकाकांनी तिथं चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पासपोर्टच्या पुस्तिका शिवणाऱ्या खात्यात. पान मागंपुढं झालेलं तिथं कुणी खपवून घेत नसे, आणि ते वळण त्यांच्या अंगात असं मुरलं की निवृत्तीनंतरही गेलं नाही. त्यांच्या बायकोचं, सरुबाईंचं म्हणणं असं की, "ह्यांच्या ताटात पोळ्या वाढल्या तरी आधी कडा जुळवतात, मग जेवतात."

आमच्याकडे ते आले पेपर वाचायला. समोरच्या कपाटात एक कादंबरी रबरबँडनं बांधून ठेवलेली त्यांना दिसली. पेपर बाजूला ठेवून ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "जयभीम मॅडम. हे पुस्तक आजारी आहे का?" मी म्हटलं, पानं सुटलीत. "मग असं बांधून कशाला ठेवलंय, चोर असल्यासारखं?" असं म्हणून ते पुस्तक घेऊन गेले, आणि चौथ्या दिवशी घेऊन आले ते नवं कोरं, शिवलेलं, पाठीला कापडी पट्टी, चारही कोपरे टोकदार. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर मंगळवारी ते लुनावरून येतात, फाटक्या पुस्तकांची पिशवी नेतात आणि आधीच्या मंगळवारची बरी झालेली पुस्तकं देतात. या नऊ वर्षांत त्यांनी बांधलेलं एकही पुस्तक दुरुस्तीला परत गेलं नव्हतं. हे ते स्वतः कधी सांगत नसत. पण सांगायला दुसरं कुणी विसरलं तर त्यांना आवडत नसे.

आमच्या वाचकांना एक खोड आहे. त्यांना मत असतं. आणि ते मत ते समासात लिहितात. एकदा काकांकडे अशी कादंबरी गेली की तिच्या समासात तीन वाचकांचं पेन्सिलीनं भांडण चाललं होतं, शेवटी एकानं दुसऱ्याच्या बुद्धीचं माप काढलं होतं. काकांनी कादंबरी वाचली नाही, भांडणही वाचलं नाही, पण त्यांना भयंकर राग आला. "समास मोकळा पाहिजे," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ते प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी अर्धा फर्मा, म्हणजे आठ कोरी पानं शिवायला लागले. पहिल्या कोऱ्या पानावर शिक्का: 'अभिप्राय येथे लिहावा. समासात लिहू नये.'

आता आमच्याकडे निम्मे लोक पुस्तक हातात घेतात ते मागूनच. कोरी पानं वाचून ठरवतात, न्यायचं की नाही. एका पाककृतीच्या पुस्तकामागं तर एकीनं लिहिलंय, 'पान ४१ वरच्या वड्या केल्या. सासूबाई बोलायच्या थांबल्या.' ते पुस्तक कपाटात म्हणून राहत नाही.

आता माझं सांगते, कारण या गोष्टीत मी फारशी शहाणी वागलेले नाही.

'बारा दारं' ही मालिका मी पहिल्या दिवसापासून वाचत आले. पाच लेखकांनी मिळून एकच दुनिया रचलेली: एक तटबंदीचं नगर, त्याला बारा दारं, प्रत्येक दाराबाहेर वेगळं राज्य, वेगळा ऋतू, वेगळे नियम. प्रत्येक लेखकानं आपापल्या दाराची कथा लिहायची, पण राजे, नकाशे आणि वैरं सगळ्यांची एकच. यातला सगळ्यात मोठा खलनायक म्हणजे आगळोजी. बाराव्या दाराची आगळ याच्या हातात. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी राणीचं सैन्य दाराबाहेर असताना, लोक ओरडत असताना, तो आगळ खाली टाकतो. सैन्य बाहेर राहतं. तेव्हापासून तिसऱ्या पुस्तकापर्यंत आम्ही सगळ्या वाचकांनी या माणसाला शिव्या घातल्या. आमचा फोनवर एक ग्रुप आहे, महाराष्ट्रभरातले दोन-अडीचशे वाचक. तिथं माझा जरा दरारा आहे.

मग आलं 'बारावं दार'. सहावी लेखिका, मनमाडची तेजल सांगळे, तिचं पहिलंच पुस्तक. गोष्ट पहिल्या पुस्तकाच्या पंचवीस वर्षं आधीची, तरुण आगळोजीची. त्याची धाकटी बहीण दाराबाहेर अडकलेली असते. भोंगा होतो, आगळ टाकायची वेळ होते, आणि हा तिच्यासाठी नियम मोडून दार थोडा वेळ उघडं धरतो. तेवढ्यात काळं पाणी आत शिरतं आणि अर्धं नगर बुडतं. बहीण तर येतच नाही. त्या दिवसापासून तो ठरवतो, बाहेर कुणीही असो, आगळ वेळेवर पडणार.

पुस्तकाच्या पाठीवर, जिथं बाकीच्यांवर एक, दोन, तीन असे आकडे आहेत, तिथं शून्य छापलं होतं. आणि मागच्या कव्हरवर लाल अक्षरांत: 'घडते आधी, पण वाचावी तिसऱ्या पुस्तकानंतर.'

आम्ही तशीच वाचली आणि खवळलो. तीन पुस्तकं ज्याला दात-ओठ खाऊन शिव्या दिल्या, त्याचे आता कुणीतरी लाड करतंय! ग्रुपवर धुमाकूळ झाला. 'काय होणार हे माहीत असताना वाचायचं कशाला?' असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, 'पाच जणांच्या घरात सहावी आली आणि येताच फर्निचर हलवायला लागली.' मी अकरा परिच्छेद लिहिले. मुद्देसूद, पानांच्या क्रमांकांसकट. चौऱ्याण्णव अंगठे आले. मला अभिमान वाटला होता, लपवत नाही.

आमच्या वाचनालयातली ती दोन्ही पुस्तकं, शून्य आणि एक, चिकटपट्टीच्या बांधणीची होती. वर्षभरात दोन्हींच्या पानांनी राजीनामा दिला. मी ती एकाच पिशवीत टाकून काकांना दिली, आणि त्याच आठवड्यात वाचनालयाच्या पायरीवरून घसरून पाय मोडून घेतला. अडीच महिने घरी. माझ्या जागी कमिटीतले लोक आळीपाळीनं बसत होते.

परत आले तर परतीच्या टेबलावर हिरव्या रेक्झिनमधलं एक जाडजूड पुस्तक. उघडलं. आधी 'बारावं दार'. ते संपलं की पुढच्याच पानावर पहिलं पुस्तक सुरू. दोन्ही एकाच पाठीत, एकाच दोऱ्यानं, इतकं सुंदर शिवलेलं की सांधा सापडत नव्हता. आणि मागं आठ कोऱ्या पानांवर तेवीस अभिप्राय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन लावला.

"काका, ही दोन वेगळी पुस्तकं आहेत!"

"हो. दोन्ही बारीक होती. एकत्र शिवली तर पाठ भरून येते, टिकतं."

"अहो, पण क्रम! आधी एक वाचायचं, मग दोन, मग तीन, आणि शून्य सगळ्यात शेवटी!"

पलीकडून काका, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "मॅडम, शून्य शेवटी कसं येईल? नंबर टाकायचं मशीन आम्ही आधी शून्यावर आणायचो, मग पाळी सुरू. शून्य आधी, मग एक."

"मागच्या कव्हरवर लाल अक्षरांत लिहिलं होतं!"

"मागचं कव्हर होतं कुठं? तुम्ही पिशवी दिली तेव्हाच नव्हतं."

खरंच नव्हतं. त्यामुळे मला जास्तच राग आला.

आता यातली खरी अडचण वेगळीच होती. आमचे अध्यक्ष रविराज सर, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी वाचक मेळाव्याला पाहुणी म्हणून नेमकी तेजल सांगळेलाच बोलावलं होतं. मी त्यांना हिरवं पुस्तक दाखवलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. पहिलं पुस्तक ज्यांचं आहे ते फार मोठं नाव. त्यांच्या पुस्तकाच्या डोक्यावर नवख्या मुलीचं पुस्तक शिवलेलं! "तिनं फोटो काढून टाकला तर वाचनालयाचं हसं होईल," सर म्हणाले. "रविवारच्या आत हे उसवून दोन वेगळी करून घ्या. आणि यापुढं बाइंडिंगचं काम शहरातल्या त्या मशीनवाल्याकडे. पगारेंना तुम्हीच सांगा."

मी हो म्हटलं. वाद घातला नाही. नऊ वर्षांची मंगळवारची पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली, पण रागात होते, म्हणून गप्प बसले. याची मला अजून लाज वाटते.

मंगळवारी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी हिरवं पुस्तक हातात घेतलं, सवयीनं अंगठा कडेवर ठेवला, पण पानं सोडली नाहीत.

"चौतीस वर्षं प्रेसमध्ये, नऊ वर्षं तुमच्याकडं. एकही पुस्तक परत आलं नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. मग ते पुस्तक एकटंच पिशवीत टाकलं. "हे शेवटचं नीट करून देतो."

लुना सुरू व्हायला त्या दिवशी चार-पाच किका लागल्या. मी खिडकीतून बघत होते आणि खाली जाऊन काही बोलावंसं वाटत होतं, पण गेले नाही.

शुक्रवार उजाडला तरी पुस्तक आलं नाही. रविवार तोंडावर. मी लंगडत लंगडत जवळच्या 'उपनगर' नावाच्या भागात त्यांच्या घरी गेले. दारात सरुबाई मेथी निवडत बसलेल्या.

"या ताई, तुम्हीच बघा आता," त्या म्हणाल्या. "तीन दिवस झाले, मांडी घालून बसलेत. शिवत नाहीत, उसवत नाहीत. वाचतायत! लग्नाला चाळीस वर्षं झाली, हा माणूस मी गोष्ट वाचताना पाहिला नव्हता. काल वरणाला फोडणी दिली, तर म्हणतात, 'थांब, पाणी आत शिरतंय.' मी घाबरून नळ बघून आले."

काका आत खिडकीपाशी होते. समोर दाभण, दोरा, खळीची वाटी, सगळं मांडलेलं आणि कोरडं. मला बघून ते थोडे ओशाळले.

"उसवायलाच बसलो होतो," ते म्हणाले. "पण ही मागची आठ पानं कोणत्या पुस्तकाला लावायची ते ठरंना. लोकांनी दोन्हीबद्दल एकत्रच लिहिलंय. म्हणून म्हटलं वाचून बघू, कोणतं मत कुठलं आहे ते."

"मग? ठरलं का?"

"नाही. वेगळं होत नाही ते." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. "मॅडम, त्या आगळोजीनं सैन्य बाहेर ठेवून दार लावलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

"राग आला होता. सगळ्यांनाच येतो."

"मला नाही आला," काका म्हणाले. "नियम पाळणाऱ्या माणसाला लोक दगड समजतात. त्यानं तो नियम कशाला धरला, ते कुणी विचारत नाही."

सरुबाईंनी चहा आणला, तो प्यायले आणि निघाले. जाताना म्हटलं, "रविवारपर्यंत होईल ना?" मला एवढंच सुचलं. "होईल," ते म्हणाले.

शनिवारी सुट्टी होती. घरी माझ्या स्वतःच्या प्रती आहेत, कव्हर घातलेल्या. मी गुपचूप शून्य काढलं, वाचलं, आणि ते मिटून लगेच एक उघडलं. पहिलं पुस्तक मी आधी चार वेळा वाचलेलं. पण या वेळी आगळोजी पहिल्या प्रकरणात दारापाशी उभा दिसला आणि मला तो ओळखीचा वाटला. पुढं ते शेवटचं प्रकरण. भोंगा होतो. बाहेर सैन्य. राणीचा आवाज. आणि तो एका क्षणासाठी थांबतो. हे वाक्य मी चार वेळा वाचूनही कधी पाहिलं नव्हतं. मग आगळ पडते. मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. मुलगी धावत आली, तिला वाटलं पाय पुन्हा दुखावला.

तशीच उठले आणि काकांना फोन केला. "काका, उसवू नका ते!"

"उसवलं मॅडम," काका म्हणाले. "सकाळीच."

रविवारी पाच वाजता मेळावा. एरवी आमच्या कार्यक्रमाला वीस डोकी जमली तरी सर खूश असतात. त्या दिवशी साठ-सत्तर माणसं, आणि चपला जिन्यापर्यंत. तेजल सांगळे मनमाडहून दुपारच्या गाडीनं आली. तिशीही न उलटलेली, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखा. भिमाजीकाका शेवटच्या रांगेत, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

सरांनी पुष्पगुच्छ दिला. तेजल माईकपाशी गेली.

"मी फार बोलणार नाही," ती म्हणाली. "माझं पुस्तक लोकांना आवडलेलं नाही, मला माहीत आहे. वाचकांच्या ग्रुपवरची सगळी मतं कुणी ना कुणी मला पाठवत गेलं, मी वाचलीत. एक अकरा परिच्छेदांचं आहे, ते तर मला पाठ झालंय. त्यानंतर मी लिहिणं थांबवलं. तुम्ही बोलावलंत, म्हणून आले. दुसऱ्यांच्या दुनियेत मी उगाच हात घातला, त्याबद्दल माफी मागायची होती."

मी पहिल्या रांगेत होते. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

सभागृहात चुळबुळ. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मधल्या रांगेतून चेहेडीच्या सुमनबाई ताजनपुरे उठल्या. यांचा मळा आहे, सकाळी बाजारात वांगी-मेथी विकतात आणि दुपारी परत जाताना पुस्तक बदलतात.

"ताई, कसली माफी?" त्या म्हणाल्या. "मी तुमचं पुस्तक बांधावर बसून वाचलं. आगळोजीनं दार लावलं तवा मी लय रडले. आमचे मालक म्हणले, आता कोण गेलं? आन तुम्ही म्हणता आवडलं नाय. कुणाला नाय आवडलं?"

"सगळ्यांना," तेजल म्हणाली. तिला वाटलं ही बाई थट्टा करतेय. "पण ते दार लावणं पहिल्या पुस्तकात आहे. माझ्या नाही."

"एकच हाय की ते! हिरवं पुस्तक."

"हो, हिरवं!" मागून दोघं-तिघं बोलले. "जाड आहे ते."

तेजल पार गोंधळली. "म्हणजे... तुम्ही माझं आधी वाचलंत?"

"मग काय नंतर वाचायचं?" सुमनबाई म्हणाल्या. "माणूस आधी ल्हान असतो, मग म्हातारा होतो. आमच्याकडं तरी तसंच हाय."

सभागृह हसलं. रविराज सर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. आता कुणीतरी खरं सांगायला हवं होतं, आणि ते काम माझंच होतं. मी उठले.

"तेजलताई," मी म्हटलं, "पहिली गोष्ट म्हणजे ते अकरा परिच्छेद माझे."

हशा एकदम थांबला.

"दुसरी गोष्ट. आमच्या वाचनालयात तुमचं पुस्तक आणि पहिलं पुस्तक एकाच पाठीत शिवलं गेलं, तुमचं पुढं ठेवून. इथं बसलेल्या लोकांनी ती एकच कादंबरी म्हणून वाचली. मी त्याला चूक म्हटलं, ज्यांनी शिवलं त्यांना बोलले, आणि त्यांच्याकडून ते उसवून घेतलं. काल मी स्वतः त्या क्रमानं वाचलं. चूक त्यांची नव्हती. आम्ही दोन-अडीचशे शहाणे ते उलटं वाचत होतो."

शेवटच्या रांगेत काका मान खाली घालून बसले होते. मी म्हटलं, "काका, या ना पुढं."

ते आले. वर्तमानपत्र सोडलं. आत तीन पुस्तकं. 'बारावं दार' वेगळं, पहिलं पुस्तक वेगळं, दोघांनाही नवे पुठ्ठे. आणि तिसरी आठ पानांची एक बारीकशी पुस्तिका, तिलाही हिरवं रेक्झिन, तिलाही टोकदार कोपरे.

"ही पानं कोणत्याच पुस्तकाला लावता येईनात," ते तेजलला म्हणाले. "म्हणून तुम्हाला आणली."

तेजल तिथंच, माईकसमोर उभी राहून वाचायला लागली. आधी मनात. मग तिसऱ्या-चौथ्या अभिप्रायाला तिचा आवाज आपोआप फुटला. 'मी मनमाड-नाशिक अपडाऊन करतो. या पुस्तकापायी नाशिकरोड चुकून देवळालीला उतरलो. तक्रार नाही.' 'आगळोजीला बहीण भेटायला हवी होती. मी माझ्या बहिणीला दोन वर्षांनी फोन केला.' 'वय ७१. राग सोडला. कुणावरचा ते लिहीत नाही.' लोक आपलं मत आलं की खुर्चीत सावरून बसत होते. सुमनबाईंचं आलं तेव्हा त्यांनी शेजारणीला कोपर मारलं.

मग ती शेवटच्या पानावर आली. तेविसाव्या अभिप्रायाच्या खाली चोविसावा होता, तो मीही पाहिलेला नव्हता. ठळक, सरळ अक्षर, ओळी पट्टीनं आखलेल्या.

तेजलनं वाचलं, "'पुस्तक उसवण्यासाठी हातात घेतले. उसवण्यापूर्वी शिवण तपासावी म्हणून उघडले. शिवण तपासायची राहून गेली. भिमाजी पगारे, बाइंडर.'"

एवढं वाचून तिनं पुस्तिका मिटली आणि पदर नसल्यामुळे डोळ्यांना पुष्पगुच्छच लावला. टाळ्या कुणी सुरू केल्या ते कळलं नाही, पण रविराज सर त्यात पहिल्या काही जणांत होते, हे मी स्वतः पाहिलं.

"काका," तेजलनं विचारलं, "हे परत एकत्र शिवता येईल?"

"येईल की. भोकं तीच आहेत," काका म्हणाले.

चहाच्या वेळी सुमनबाईंनी तिला गाठलंच. "एक सांगा. त्याची बहीण मेली असं कुठं लिहिलं नाय तुम्ही. दाराबाहेर तिचं पुढं काय झालं?" तेजल थबकली. "लिहिलं नाही खरं," ती म्हणाली, आणि पिशवीतून पेन काढून घाईघाईत तळहातावरच काहीतरी लिहून घेतलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी अकराच्या जागी दहा परिच्छेद चालतील." मी तिचे दोन्ही हात धरले. शाई माझ्याही हाताला लागली.

सरांनी निघताना मला बाजूला घेतलं. "त्या मशीनवाल्याला मी अजून काही बोललेलो नाही," ते म्हणाले. "मंगळवारची पिशवी तयार ठेवा."

मंगळवारी लुना आली. हिरवं जाड पुस्तक पुन्हा एका पाठीत, सांधा पुन्हा सापडत नाही असा. मागं आता आठाऐवजी सोळा कोरी पानं, कारण पहिली आठ भरून तेजलकडे गेली होती. मी काकांच्या समोरच पेन काढलं आणि पंचविसावा अभिप्राय लिहिला. एकच ओळ: 'माझे आधीचे अकरा परिच्छेद मागे घेत आहे.' ग्रुपवरही तेच टाकलं. तिथं मला अंगठे कमी आले आणि प्रश्न खूप आले. आता अर्धा ग्रुप शून्यापासून वाचतोय आणि उरलेला अर्धा त्यांच्याशी भांडतोय. तेजल हे सगळं वाचते आणि मध्येच हसरा चेहरा टाकते.

काका फाटकी पुस्तकं पिशवीत भरत होते. मला राहवलं नाही.

"शेवटी तुमचं एक पुस्तक परत आलंच ना काका?"

"आलं," ते म्हणाले. थोडा वेळ पिशवीचे बंद नीट करत बसले. "बरं झालं आलं. नाहीतर वाचायचं राहून गेलं असतं."

मग इकडंतिकडं बघत, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "दोन नंबर आहे का आत?"

नऊ वर्षांत शेकडो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली, पण ते आमचे सभासद नव्हते. मला कधी सुचलं नाही आणि त्यांना कधी लागलं नाही. मी फॉर्म भरून घेतला, सही घेतली आणि कपाटातून दुसरं पुस्तक काढून दिलं. ते खिडकीजवळच्या बाकावर बसले, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं. त्या दिवशी त्यांनी पानं मोजली नाहीत.